गॅलरीत २,१६,००० चं चित्र, स्टुडिओत म्हणे निम्म्यात : घ्यायचं कुठून?

प्रश्न थोडक्यात परत मांडते म्हणजे आत्ताच वाचायला लागलेल्यांनाही कळेल. कोल्हापूरचं जोडपं, नवीन फ्लॅट घेतलाय, मुंबईला लग्नाला आलेले असताना काळा घोड्याला एका गॅलरीत सहज डोकावले आणि तिथे चाळिशीतल्या एका चित्रकाराचं ३६ बाय ४८ इंचाचं ॲक्रिलिकमधलं कॅनव्हास दोघांनाही फार आवडलं. किंमत २,१६,००० अधिक जीएसटी. घरी आल्यावर मित्र म्हणाला की अरे तो चित्रकार माझ्या चुलतभावाच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधल्या बॅचचा, इन्स्टावर मेसेज टाक, स्टुडिओतून थेट लाख-सव्वालाखात देईल, गॅलरीवाले निम्मे खातात. तर विचारलंय असं की मित्र म्हणतो ते खरं का, चित्र कुठून घ्यावं, आणि पुढे किंमत वाढेल का.

मी बावीस वर्षं मुंबईतल्या गॅलऱ्यांमध्ये काम केलंय. चित्रं उतरवून घेण्यापासून ते टांगणं, प्राइस लिस्ट करणं, विकणं, पैशासाठी फोन करत बसणं, सगळं. आता लोकांच्या घरच्या संग्रहांच्या नोंदी ठेवायचं आणि देखभालीचं काम करते. त्यामुळे कुठल्या गॅलरीची बाजू घ्यायची मला आता गरज नाही, जे बघितलंय ते सांगते.

मित्राचं कमिशनबद्दलचं म्हणणं खरंय. नव्या चित्रांवर गॅलरी साधारण निम्मे घेते, काही ठिकाणी ४० टक्के, काही ठिकाणी ३०-३३. म्हणजे तुमच्या चित्रातले १,०८,००० च्या आसपास चित्रकाराला मिळणार, आणि त्यातूनच त्याचा कॅनव्हास, रंग, स्टुडिओचं भाडं, आणि न विकलेल्या चित्रांचाही खर्च निघायचा. पण म्हणून स्टुडिओत त्याची किंमत १,०८,००० होते हे गणित चुकीचं आहे, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आधी किंमत ठरते कशी ते बघा. आपल्याकडे हयात चित्रकारांच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी स्क्वेअर इंचाचा भाव चालतो. ३६ गुणिले ४८ म्हणजे १,७२८ इंच, आणि २,१६,००० ला भागलं की इंचाला १२५ रुपये. याच चित्रकाराचं २४ बाय २४ चं असेल तर ५७६ इंच, म्हणजे ७२,०००, प्रत्यक्षात थोडं जास्तच लावतील कारण लहान चित्राला इंचाचा भाव जरा चढा असतो. कागदावरचं काम कॅनव्हासपेक्षा कमी. ऐकायला कापडाच्या दुकानासारखं वाटतं, मलाही सुरुवातीला फार खटकायचं, पण यात एक प्रामाणिकपणा आहे. एका प्रदर्शनातलं कुठलं चित्र जास्त चांगलं हे गॅलरी किमतीतून सांगत नाही, ते तुम्ही डोळ्यांनी ठरवायचं. मापात बसेल त्या किमतीत प्रदर्शनातलं सगळ्यात चांगलं चित्र घेऊन जाणारे लोक मी बघितलेत, फक्त ते बाकीच्यांपेक्षा अर्धा तास जास्त थांबले होते.

तर हा १२५ चा भाव एका दिवसात आलेला नसतो. पहिल्या प्रदर्शनात तो ४० असेल, मग ५५, मग ८०. दर प्रदर्शनाला थोडा थोडा वाढवत नेतात आणि एकदा वाढवला की खाली आणत नाहीत, कारण खाली आणला तर आधी ज्यांनी घेतलंय त्यांना काय सांगणार. मंदीत चित्रं विकली गेली नाहीत तरी भाव तिथेच धरून ठेवायचा, हे गॅलरीचं सगळ्यात अवघड काम. तुम्ही २,१६,००० देता तेव्हा चित्राइतकेच या गोष्टीचेही देता, की पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाला हेच माप लाखात मिळणार नाही.

एक गोष्ट सांगते, नावं नाहीत सांगत. मी ज्या गॅलरीत होते तिथे एका छोट्या गावातून आलेल्या मुलाचं पहिलं सोलो, म्हणजे एकट्याचं प्रदर्शन, लागलं होतं. चौदा चित्रं, साधारण ८०,००० ची एकेक. तीन वर्षं राबला होता तो त्यावर. ओपनिंगच्या संध्याकाळी पाच लाल ठिपके लागले (लाल ठिपका म्हणजे विकलं गेलं) आणि तो नुसता त्या ठिपक्यांकडे बघत उभा होता. चौथ्या दिवशी एक बाई आल्या, त्यांनी दोन चित्रं बुक केली होती, आणि म्हणाल्या की आमच्या ओळखीच्यांनी याच्याच घरून याच मापाचं ३०,००० ला नेलंय, मागच्याच आठवड्यात. खोटं नव्हतं. घरी कुणी आजारी होतं, पैसे लागत होते, कुणीतरी रोख घेऊन दारात आलं, त्याने दिलं. मी असते तर मीही दिलं असतं. पण त्या बाईंनी बुकिंग रद्द केलं, मग दुसऱ्या एकाने केलं, आणि चित्रं विकली गेलेल्या भिंतीवरचे ठिपके मी माझ्या हाताने नखाने खरवडून काढलेत. त्या मुलाचं पुढचं प्रदर्शन लागायला चार वर्षं गेली, आणि लागलं तेव्हा भाव पुन्हा खालपासून.

म्हणून तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे : चित्र गॅलरीच्या भिंतीवर बघितलंत, तर ते गॅलरीतूनच घ्या. त्या चित्रकाराला मागच्या दाराने मेसेज टाकू नका. टाकलात तर तुम्ही त्याला फार वाईट पेचात टाकताय, पैशाची गरज प्रत्येकालाच असते आणि नाही म्हणणं कठीण जातं. शिवाय बऱ्याच ठिकाणी बोलीच अशी असते की प्रदर्शनात लागलेलं चित्र नंतर काही महिन्यांत स्टुडिओतून गेलं तरी गॅलरीचा हिस्सा द्यावा लागतो. त्याने तो दिला तर त्याच्या हातात काय उरणार बघा, आणि नाही दिला तर त्याची गॅलरी जाते.

आता परिस्थितीप्रमाणे हे बदलतं, तेही सांगायला हवं. चित्रकाराला कुठलीच गॅलरी नसेल तर स्टुडिओतून बिनधास्त घ्या, तसे खूप चांगले लोक आहेत, कोल्हापुरातच आहेत, तुमच्या गावाला तर बाबूराव पेंटरांपासूनची परंपरा आहे. तिथे फक्त त्याचा जो जाहीर भाव असेल तोच द्या, पिळू नका. तसंच जहांगीरचं गणित वेगळं. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची, तिथले हॉल चित्रकार स्वतः अर्ज करून भाड्याने घेतात, नंबर लागायला कित्येक वर्षं थांबतात, आणि मग आठवडाभर स्वतःच खुर्ची टाकून बसतात. तिथे तुम्ही चित्रकाराशीच बोलताय, त्याच्याकडूनच घेताय, मध्ये कुणी नाही. तुमच्या मित्राच्या डोक्यात बहुतेक हेच चित्र असणार. पण तुम्ही गेलात ती व्यावसायिक गॅलरी. ती चित्रकाराकडून भाडं घेत नाही, चित्र विकलं तरच तिला पैसे मिळतात. ही पद्धत मुंबईत जुनी आहे, केमोल्ड आणि पंडोल या दोन्ही गॅलऱ्या १९६३ च्या, केमोल्ड तर जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर सुरू झाली होती, म्हणजे एकाच इमारतीत दोन्ही पद्धती कित्येक वर्षं नांदल्या.

बरं, सगळ्याच गॅलऱ्या ते निम्मे कमावतात का? नाही. नुसती भिंत, चार दिवे आणि ओपनिंगला वाइन, यालाही गॅलरी म्हणतात. माझ्या पहिल्या नोकरीत मी एका चित्रकाराला आठ महिने सांगत होते की चेक होतोय, चेक होतोय, आणि गिऱ्हाइकाचे पैसे तर कधीच जमा झाले होते. मला ते माहीत होतं. तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायचा, हातात डबा असायचा, बाकावर बसायचा आणि सहा वाजता उठून जायचा, एकदाही आवाज चढवला नाही. त्यानंतर मी ती नोकरी सोडली, पण लवकर सोडायला हवी होती.

तेव्हा तुम्ही गॅलरीची परीक्षा घ्या, तो तुमचा हक्क आहे. कोल्हापूरहून महालक्ष्मीने या, सकाळी सीएसएमटीला उतरा, नाश्ता करून चालत गेलात तरी गॅलरी उघडायच्या आत पोचाल. आणि विचारा. या चित्रकाराचं मागचं प्रदर्शन कधी झालं, तेव्हा भाव काय होता, हे तुम्ही त्याचं कितवं प्रदर्शन करताय, पुढचं कधी, जुन्या कामाचे फोटो दाखवा. चांगल्या गॅलरीतली मुलगी लगेच लॅपटॉप उघडून दहा वर्षांचं काम दाखवेल, प्रत्येक चित्र सध्या कुणाकडे आहे ते नाव न सांगता सांगेल, आणि दाखवताना तिचा चेहरा खुलेल. हे सगळ्यात महत्त्वाचं. तिला स्वतःला काम आवडतंय का ते दोन मिनिटांत कळतं. उलट 'सर हे खूप डिमांडमध्ये आहे, दोन दिवसांत जाईल' एवढंच ऐकू आलं तर घाई करू नका, चहा पिऊन या. चित्रकाराला भेटायचंय असं सांगा. जी गॅलरी स्वतःहून भेट घालून देते, स्टुडिओ दाखवायला नेते, तिच्यात आणि चित्रकारात सगळं ठीक आहे असं समजायला हरकत नाही.

घासाघीस करायची का? पाच ते दहा टक्के विचारायला काहीच हरकत नाही, बहुतेक जण देतात. त्याच्या पलीकडे ताणू नका, कारण बऱ्याचदा तो डिस्काउंट गॅलरी आणि चित्रकार दोघांच्या खिशातून अर्धा अर्धा जातो. त्यापेक्षा हप्ते मागा, लोकांना माहीतच नसतं पण तीन-चार महिन्यांत मिळून द्यायला खूप गॅलऱ्या तयार होतात, फक्त चित्र शेवटचा हप्ता दिल्यावर घरी येतं. जीएसटी हाताने केलेल्या चित्रावर आधी १२ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ५ झालाय, म्हणजे २,१६,००० वर १०,८००, एकूण २,२६,८००. पक्कं बिल घ्याच. 'बिल नको असेल तर कमी करतो' म्हणाले तर तिथून निघा, कारण उद्या चित्र कुणाला दाखवायचं झालं तर तुमच्या हातात काय आहे? बिल, चित्रकाराच्या सहीचं सर्टिफिकेट त्यावर चित्राचा फोटो, माप, माध्यम, साल. हे कागद चित्राइतकेच जपायचे, आणि स्कॅन करून ईमेलला ठेवायचे.

एक काम मात्र जवळजवळ कुणीच करत नाही, ते तुम्ही कराच : चित्र भिंतीवरून उतरवायला सांगा आणि पाठीमागून बघा. लाजू नका, चांगल्या ठिकाणी ते आनंदाने दाखवतात. पाठीमागे चौकट कोरड्या, सरळ लाकडाची आहे का बघा, बोटाने दाबून बघा. ३६ बाय ४८ ला मध्ये एक आडवी पट्टी असायला हवी, नसेल तर दोन पावसाळ्यांत चौकट पिळवटते. आतल्या कोपऱ्यांत छोट्या लाकडी पाचरी असतील तर उत्तम, कॅनव्हासला झोळ आला की त्या हलक्या हाताने ठोकून पुन्हा ताणता येतो. मग कडेला बघा, रंग कुठे संपतो, खालचा पांढरा थर कुठे दिसतो. माझा हा सगळ्यात आवडता भाग. कडेवर चित्रकाराची घाई दिसते, त्याने खाली आधी दुसराच कुठला रंग लावला होता तो डोकावतो, कधी अंगठ्याचा ठसा असतो. समोरून शांत करड्या दिसणाऱ्या एका चित्राच्या कडेला मी सगळीकडे शेंदरी बघितलाय, आणि मग समोर येऊन उभी राहिले तर त्या करड्यातून जी ऊब येत होती ती कशाची हे एकदम समजलं. पाठीमागे चित्रकाराच्या हातचं नाव, साल, माप आणि गॅलरीचं लेबल असायला हवं. नंतर मोबाइलचा टॉर्च चित्राच्या बाजूने, अगदी तिरपा धरा. ब्रशचे फटकारे आणि रंगाच्या कडा एकमेकांशी जुळतात का बघा. छापील प्रिंटवर, हाताने रंगवल्यासारखं दिसावं म्हणून, वरून जेल फासलेलं असेल तर फटकारा एकीकडे जातो आणि रंग दुसरीकडे. नावाजलेल्या गॅलरीत असं होणार नाही, पण डोळ्याला सवय लागते.

किंमत वाढेल का, याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही कदाचित. त्यासाठी घेऊ नका. लोक गायतोंड्यांचं उदाहरण देतात, २०१३ मध्ये मुंबईत क्रिस्टीजच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांच्या आसपास गेलं. हो गेलं, पण वासुदेव गायतोंडे २००१ मध्येच वारले होते, दिल्लीत निजामुद्दीनला एका बरसातीत (म्हणजे गच्चीवरच्या खोलीत) राहून वर्षाला मोजकीच चित्रं करत आयुष्य काढलं त्यांनी, आणि त्या २३ कोटींशी त्यांचा काही संबंध नव्हता. ते सेकंडरी मार्केट, म्हणजे एका संग्राहकाने दुसऱ्याला विकणं. तुम्ही घेताय ते प्राइमरी, स्टुडिओतून पहिल्यांदा बाहेर पडणारं चित्र. हयात चित्रकारांपैकी बहुतेकांचं काम लिलावापर्यंत कधी जातच नाही, आणि पाच वर्षांनी तुम्ही गॅलरीकडे परत विकायला नेलंत तर त्यांचं कमिशन वजा होऊन हातात घेतल्यापेक्षा कमीच यायची शक्यता जास्त. २००६-०७ ला माझ्याकडे लोक फोनवरून, चित्र न बघता, 'याचं कुठलंही एक ठेवा' म्हणून बुक करायचे. २००८ च्या शेवटी तेच लोक रोज फोन करायचे, विकून द्या म्हणून, आणि मी कुणाला विकणार होते? त्यातली काही चित्रं फार सुंदर होती, त्यांच्या मालकांनी ती पेटीतून एकदाही बाहेर काढली नव्हती. आणि हो, विकलंत आणि फायदा झाला तर इन्कम टॅक्सवाले चित्राला घरातल्या कपाटा-पलंगासारखं धरत नाहीत, कॅपिटल गेन लागतो, सीएला विचारून ठेवा.

प्रश्नात शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की चित्र कंपनीच्या डायरीवरही छापता येईल. नाही येणार. चित्र तुमचं होतं, कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, तो लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडे येत नाही. छापायचं असेल तर त्याची परवानगी घ्या, बरेचदा आनंदाने देतात, कधी थोडं मानधन मागतात. घरात टांगा, पाहुण्यांना दाखवा, त्यात काहीच अडचण नाही.

आता घरी नेल्यावरचं, कारण कोल्हापूरचा पाऊस. बाहेरच्या भिंतीवर, म्हणजे जिच्या पलीकडे पाऊस आपटतो त्या भिंतीवर टांगू नका, आतल्या भिंतीवर टांगा. देवघराच्या आणि स्वयंपाकघराच्या लगत नको, धूर आणि फोडणीची वाफ चित्रावर बसते. खालच्या दोन कोपऱ्यांना पाठीमागून बुचाचे छोटे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि कॅनव्हासमध्ये बोटभर हवा खेळती राहील. हे दहा रुपयांचं काम आहे आणि याने जितकी चित्रं वाचतात तितकी महागड्या फ्रेमने वाचत नाहीत. माझ्याकडे एकदा गणपतीनंतर अलिबागच्या बंगल्यातून एक चित्र आलं होतं, कॅनव्हासवर कोळसा आणि कोरडं पिगमेंट (रंगाची पूड) वापरलेलं, खालच्या बाजूला बुरशीचे राखाडी ठिपके आलेले. तेवढं निघालं असतं, पण घरच्यांनी प्रेमाने ओल्या फडक्याने पुसलं होतं. एका उडणाऱ्या पक्ष्याची रेघ होती तिथे, ती हातभर पसरून गेली होती आणि ती परत आणणं कुणालाच शक्य नव्हतं. चित्रकाराला सांगायचं काम माझ्याकडे आलं. म्हणून ओलं फडकं कधीच नाही, कॉलिन तर नाहीच नाही. बुरशी दिसली तर चित्र उतरवून कोरड्या खोलीत भिंतीपासून सुटं उभं करून ठेवा, हात लावू नका, आणि गॅलरीला फोन करा. ज्यांच्याकडून घेतलंत त्यांनी हा फोन पाच वर्षांनीही उचलायला हवा. तुमचे निम्मे यासाठीही गेलेले असतात.

तर पुन्हा गॅलरीत जाल तेव्हा एक करा, दोघंही जा आणि आधी किमतीचं बोलू नका. त्या चित्रासमोर वीस मिनिटं बसा, मग बाकीचं प्रदर्शन बघा, जेवून या आणि पुन्हा तिथेच बसा. पहिल्यांदा जे दिसलं होतं त्यापेक्षा दुसऱ्यांदा अजून काही दिसलं तर घ्या, नाही दिसलं तर कोल्हापूरला परत जा, चित्रकार अजून वीस-तीस वर्षं काम करणार आहे. घेतलंत तर पाठीमागच्या बाजूचा फोटो इथे टाका, चौकट आणि पाचरी बघून पावसाआधी काही करायला हवं का ते सांगते.